बशीतल्या पेशीचा टप्पा: इंदूरच्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालये व संशोधनसंस्था यांमधील पेशीसंवर्धन प्रयोगशाळांचे प्रमुख

ग्लायल पेशी या चेतासंस्थेच्या आधारपेशी. चेतापेशींना पोषण पुरवणे, त्यांच्या भोवतालच्या क्षारांचे आणि रसायनांचे प्रमाण राखणे, अक्षतंतूंवर मायलिनचे वेष्टन घालणे, मेलेल्या पेशींचा निचरा करणे ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी १८५६ मध्ये त्यांना नाव दिले, तेव्हा त्या केवळ भरावाच्या मानल्या जात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी असतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने दाखवले. या इतर पेशींमध्ये मोठा वाटा ग्लायल पेशींचा आहे. मेंदू आणि मज्जारज्जूत त्यांचे मुख्य प्रकार तीन: ॲस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट आणि मायक्रोग्लिया. हातापायांपर्यंत पोहोचणाऱ्या चेतांमध्ये मायलिन घालण्याचे काम श्वान पेशी करतात.

यांतली प्रत्येक पेशी पूर्वपेशीपासून प्रौढ पेशीपर्यंतचा प्रवास करते. वाटेत तिची प्रथिने बदलतात, आकार बदलतो, औषधाला आणि विषाणूला मिळणारा तिचा प्रतिसादही बदलतो. प्रयोगशाळेत बाटलीवर पेशीचा प्रकार, तारीख आणि पॅसेज क्रमांक लिहिला जातो. ती विकासाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ही नोंद पुष्कळदा राहून जाते. एकाच नावाच्या पेशींवर दोन ठिकाणी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत, तेव्हा त्यामागे हे एक कारण असू शकते. ग्लायल पेशींवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने प्रयोगाच्या दिवशी पेशीचा टप्पा स्वतंत्र कसोट्यांनी ठरवावा आणि तो निष्कर्षांबरोबर छापावा, एवढीच या पत्राची मागणी आहे.

इंदूरपुढे ही मागणी ठेवण्याला ठोस कारण आहे. येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हेमचंद्र झा आणि राजेश कुमार यांच्या गटांनी एप्स्टाइन-बार विषाणूचा ग्लायल पेशींमधला संसर्ग रामन वर्णपटाच्या साहाय्याने वेगवेगळ्या वेळी तपासला. ते काम २०२० मध्ये ‘एसीएस ओमेगा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पेशीला रंग न देता, तिच्यावर पडून विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्यातले जैवरेणू ओळखण्याची ही पद्धत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ च्या शोधावर उभी आहे. पुढे २०२२ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये अमेरिकी सैन्यदलातल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो, असे त्यात आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूतले आणि मज्जारज्जूतले मायलिन नष्ट होते, आणि ते पुन्हा घालू शकणाऱ्या पूर्वपेशी जखमेपर्यंत येऊनही अनेकदा अर्ध्या वाटेवर अडकतात, प्रौढ होत नाहीत. म्हणजे इंदूरमध्ये अभ्यासला जाणारा विषाणू आणि ग्लायल पेशींचे टप्पे एकाच रोगात एकत्र येतात.

ग्लायल पेशींची वंशावळ समजल्याशिवाय टप्पा ओळखता येत नाही. ॲस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट यांचा उगम भ्रूणाच्या चेतानलिकेतल्या मूलपेशींमध्ये असतो. त्याच मूलपेशी आधी चेतापेशी तयार करतात आणि नंतर ग्लायल पेशींकडे वळतात. मायक्रोग्लियाचे कूळ अगदी निराळे आहे. त्या भ्रूणाच्या पीतक कोशात जन्मतात आणि बाहेरून मेंदूत शिरतात, म्हणून रक्तपेशींशी त्यांचे नाते अधिक जवळचे. श्वान पेशी चेताशिखेतून येतात. चेतापेशीकडून ग्लायल पेशीकडे वळण्याचा हा निर्णय नेमका कसा होतो, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले आहे. उंदराच्या वाढत्या हिप्पोकॅम्पसमध्ये एलएचएक्स-२ हे जनुक ॲस्ट्रोसाइट तयार होण्यास आवर घालते आणि ते काढून टाकले की पूर्वपेशी वेळेआधीच ॲस्ट्रोसाइटकडे वळतात, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले. अलीकडे याच गटाने फॉक्सजी-१ या जनुकाबद्दलही असाच निष्कर्ष मांडला आहे. त्याचा प्रभाव गेला की पूर्वपेशी ॲस्ट्रोसाइटकडे झुकतात. त्याच वेळी एफजीएफ या वाढघटकाचा संदेशही रोखला तर ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी बनतात. एखाद-दुसऱ्या संदेशाने पेशीची दिशा पालटते, हे शरीराबाहेर पेशी वाढवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण बशीतले माध्यम म्हणजे अशा संदेशांचेच मिश्रण असते.

याचा सर्वांत बोलका पुरावा लंडनमध्ये मिळाला. मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी १९८३ मध्ये उंदराच्या पिल्लाच्या दृष्टिचेतेतून एक पूर्वपेशी वेगळी केली. सीरम नसलेल्या माध्यमात ती ऑलिगोडेंड्रोसाइट झाली. माध्यमात गर्भस्थ वासराचे सीरम मिसळले की तीच पेशी ॲस्ट्रोसाइटसारखी झाली आणि जीएफएपी हे प्रथिन दाखवू लागली. शोधकांनी तिला ‘ओ-२ए’ पूर्वपेशी म्हटले आणि सीरममधल्या त्या पेशीला दुसऱ्या प्रकारचा ॲस्ट्रोसाइट. पुढे अनेकांनी शरीरातल्या दृष्टिचेतेत हा दुसरा प्रकार शोधला, पण सामान्य विकासात तो तिथे सापडला नाही. पेशीची क्षमता खरी होती, तिने गाठलेली अवस्था मात्र बशीपुरती होती. ‘ही पेशी काय होऊ शकते’ आणि ‘ही पेशी शरीरात काय असते’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे या एका उदाहरणाने कायमचे दाखवून दिले. त्यामुळे सीरम किती टक्के, कोणत्या प्राण्याचे आणि किती दिवस होते, या नोंदीला टप्प्याच्या नोंदीइतकेच महत्त्व आहे.

ऑलिगोडेंड्रोसाइटच्या वाटेवरचे टप्पे सर्वांत नीट आखलेले आहेत. नवजात उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातून पेशी काढून बाटलीत वाढवल्या की तळाशी ॲस्ट्रोसाइटचा चिकट थर बसतो आणि त्यावर पूर्वपेशी सैलपणे वाढतात. केन मॅकार्थी आणि ज्याँ द व्हेलिस यांनी १९८० मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत बाटली रात्रभर यंत्रावर हलवून वरच्या पेशी सुट्या करतात. या पूर्वपेशी दोन टोकांच्या, सडपातळ असतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडीजीएफ या वाढघटकाचा ग्राहक आणि एनजी-२ हे प्रथिन असते, आणि ए२बी५ हे प्रतिपिंड त्यांना चिकटते. पीडीजीएफ दिले की त्या विभागत राहतात. ते काढून थायरॉइड संप्रेरक दिले की विभागणी थांबते, फांद्या फुटू लागतात आणि ओ४ हे प्रतिपिंड चिकटू लागते. पुढच्या टप्प्यात ओ१ प्रतिपिंडाने ओळखले जाणारे गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड हे मेदद्रव्य दिसते. मग एमबीपी आणि पीएलपी ही मायलिनची प्रथिने येतात, आणि सर्वांत शेवटी एमओजी. तोवर पेशीच्या फांद्यांमध्ये पातळ पापुद्र्यासारखे पटल पसरलेले असते. उंदराच्या पेशी हा प्रवास काही दिवसांत करतात. माणसाच्या पेशींना त्यासाठी आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून ‘संवर्धनाचा पाचवा दिवस’ एवढे लिहिल्याने टप्पा कळत नाही.

या यादीतल्या काही खुणा वंश सांगतात, तर काही टप्पा. ऑलिग-२ आणि सॉक्स-१० ही केंद्रकातली प्रथिने पूर्वपेशीत असतात आणि प्रौढ पेशीतही टिकतात. त्यामुळे ती दिसली तर पेशी ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कुळातली आहे एवढेच समजते. ती अल्पवयीन आहे की प्रौढ, ते समजत नाही. उलट एमबीपी दिसले तर टप्पा समजतो, पण ज्या पेशींत ते दिसले नाही त्या पूर्वपेशी आहेत की भलत्याच कुळातल्या, हे ठरत नाही. म्हणून कुळाची एक खूण आणि टप्प्याच्या किमान दोन खुणा, त्यांतली एक ‘असायला हवी’ अशी आणि एक ‘नसायला हवी’ अशी, एकाच पेशीवर एकत्र तपासणे हा योग्य मार्ग आहे. नसलेल्या खुणेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एमबीपी आल्याचे छायाचित्र छापले जाते, पीडीजीएफचा ग्राहक गेल्याचे मात्र कुणी दाखवत नाही.

खुणा एकनिष्ठही नसतात. एनजी-२ रक्तकेशिकांभोवतीच्या पेरिसाइटवरही असते. ए२बी५ काही चेतापेशींनाही चिकटते. जीएफएपी ॲस्ट्रोसाइटची खूण म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते मायलिन न घालणाऱ्या श्वान पेशींत असते, आतड्यातल्या ग्लायल पेशींत असते आणि प्रौढ मेंदूतल्या मूलपेशींतही असते. याउलट निरोगी बाह्यकातल्या पुष्कळ ॲस्ट्रोसाइटमध्ये ते इतके कमी असते की रंगच येत नाही. रंग देण्याच्या पद्धतीतही धोके आहेत. ए२बी५, ओ४ आणि ओ१ ही प्रतिपिंडे पेशीपटलातल्या मेदद्रव्यांना चिकटतात. केंद्रकातले प्रथिन पाहण्यासाठी पेशीपटलाला भोके पाडणारे डिटर्जंट आधी वापरले, तर ही मेदद्रव्ये धुऊन जाण्याची शक्यता असते आणि प्रौढ होत आलेली पेशी कोरी दिसते. म्हणून पृष्ठभागावरचा रंग आधी, शक्य तर जिवंत पेशीवर, आणि केंद्रकातला नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

एका पेशीतली हजारो जनुके एकाच वेळी वाचण्याची सोय झाल्यावर टप्प्यांचे हे चित्र आणखी बारीक झाले. उंदराच्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या दहा भागांतल्या ५,०७२ पेशींचा असा अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वपेशीपासून प्रौढ ऑलिगोडेंड्रोसाइटपर्यंतच्या सलग वाटेवर त्यात पेशींचे १२ गट सापडले. यातून दोन गोष्टी निघतात. टप्पे हे एका उतारावरचे मुक्काम आहेत, त्यांच्या मधल्या पेशी नेहमीच सापडणार. आणि बशीतल्या सगळ्या पेशी एकाच मुक्कामावर कधीच नसतात. म्हणून ‘पेशी प्रौढ होत्या’ या वाक्याला अर्थ नाही. शंभरातल्या किती पेशींवर कोणती खूण होती, किती पेशी मोजल्या, किती वेगवेगळ्या प्राण्यांपासून त्या घेतल्या होत्या आणि मोजणाऱ्याला कोणती बशी कोणती हे माहीत होते की नव्हते, हे आकडे लागतात.

श्वान पेशींच्या बाबतीत टप्पा ओळखण्याची एक विलक्षण कसोटी आहे: पेशी एकटी जगते का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये क्रिस्टियान जेसेन आणि रोना मिर्स्की यांनी उंदराच्या भ्रूणातल्या चेतांवर केलेल्या कामातून हे उलगडले. गर्भाच्या चौदाव्या-पंधराव्या दिवशी चेतेत जी पेशी असते ती श्वान पेशीची पूर्वपेशी. ती अक्षतंतूंकडून येणाऱ्या न्यूरेग्युलिन या संदेशावर जगते. तिला चेतेतून काढून, कोणताही वाढघटक न देता वेगळे ठेवले तर ती थोड्याच वेळात मरते. सतराव्या-अठराव्या दिवशीची पेशी अपक्व श्वान पेशी असते. ती स्वतःच स्वतःसाठी जगण्याचे संदेश स्रवते, म्हणून पुरेशा दाटीत ठेवली तर अक्षतंतूंवाचूनही टिकते. या भेदाला वैद्यकीय अर्थ आहे. तुटलेल्या चेतेतल्या श्वान पेशी अक्षतंतू नष्ट झाल्यावरही महिनोन्‌महिने टिकून त्यांच्या पुनर्वाढीला वाट दाखवतात, त्यामागे ही क्षमता आहे. सॉक्स-१० दोन्ही टप्प्यांवर असते. पूर्वपेशीत कॅडहेरिन-१९ ठळक असते. एस-१०० हे प्रथिन पेशींच्या भोवती वाढघटक न मिसळताही अपक्व पेशीत सहज दिसते, पूर्वपेशीत नाही. पण शंका उरली तर रंगापेक्षा जगण्याची कसोटी अधिक विश्वासू ठरते, कारण ती पेशीच्या वागण्यावर आधारलेली आहे.

जन्माच्या सुमारास अपक्व श्वान पेशींचे दोन मार्ग होतात. जाड अक्षतंतूंशी एकास एक जोडी जमवणाऱ्या पेशी क्रॉक्स-२० हे जनुक चालू करतात, पी-झीरो आणि एमबीपी तयार करतात आणि मायलिन घालतात. बारीक अक्षतंतूंचे जुडगे सांभाळणाऱ्या पेशी जीएफएपी आणि पी-७५ हा ग्राहक टिकवून ठेवतात. चेता तुटली की मायलिन घालणारी पेशी मागे फिरते, सी-जून हे प्रथिन वाढवते आणि दुरुस्तीच्या अवस्थेत जाते. संवर्धनासाठी प्रौढ चेतेतून काढलेली श्वान पेशी नेमकी याच तुटलेपणातून गेलेली असते. म्हणून बशीतल्या श्वान पेशीला ‘प्रौढ’ म्हणणे बहुधा चूक असते. तिला मायलिनच्या वाटेवर परत आणायचे तर पेशीतले सायक्लिक एएमपी वाढवणारी द्रव्ये द्यावी लागतात किंवा चेतापेशींबरोबर वाढवावे लागते. या संवर्धनात चेतेच्या आवरणातले फायब्रोब्लास्टही येतात आणि झपाट्याने वाढून बाटली व्यापतात. जेरेमी ब्रॉकस, के फील्ड्स आणि मार्टिन रॅफ यांनी १९७९ मध्येच त्यांना वेगळे करण्याची पद्धत दिली: वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणारे औषध आणि मग थाय-१ या खुणेविरुद्धचे प्रतिपिंड. फायब्रोब्लास्ट किती टक्के राहिले, हा आकडा टप्प्याच्या आकड्याशेजारीच छापला गेला पाहिजे.

कुष्ठरोगाच्या संदर्भात तर हा प्रश्न मध्य भारताला अतिशय जवळचा आहे. कुष्ठरोगाचा जिवाणू श्वान पेशीत घर करतो. एडिनबरो येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवले की हा जिवाणू उंदराच्या प्रौढ श्वान पेशीला तिची ओळख विसरायला लावतो. सॉक्स-१० नाहीसे होते, मायलिनची जनुके बंद होतात, भ्रूणावस्थेतली जनुके जागी होतात आणि पेशी मूलपेशीसारखी वागून इतर ऊतींमध्ये जिवाणू पसरवू शकते. संसर्गाचा परिणाम म्हणजेच टप्प्यातला बदल, असे हे प्रकरण आहे. इथे सुरुवातीचा टप्पा नोंदला नसता तर शोध लागलाच नसता.

ॲस्ट्रोसाइटबाबत थोडक्यात. अपक्व पेशीत नेस्टिन आणि व्हायमेंटिन ठळक असतात. पक्व पेशीत ग्लुटामेट शोषणारे जीएलटी-१, पाण्याचा मार्ग असलेले अ‍ॅक्वापोरिन-४ आणि एएलडीएच१एल१ हे विकर वाढते. सीरममध्ये वाढवलेले ॲस्ट्रोसाइट पुष्कळ अंशी अपक्व आणि इजा झाल्यासारखे राहतात. इजेला प्रतिसाद देणाऱ्या ॲस्ट्रोसाइटचे ‘ए-१’ आणि ‘ए-२’ असे दोनच कप्पे करण्याची प्रथा २०१७ नंतर पसरली. अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन ती सोडण्याचे आणि अनेक खुणा व कार्ये मिळून अवस्था ठरवण्याचे आवाहन केले. ते पूर्णतः योग्य आहे.

पुष्कळ प्रयोगशाळा ताज्या ऊतीऐवजी पेशीरेषा वापरतात, आणि तिथे टप्प्याआधी ओळखीचाच प्रश्न उभा राहतो. स्वीडनच्या उप्साला येथे १९६० च्या दशकात एका रुग्णाच्या मेंदूतल्या गाठीपासून यू-८७ ही रेषा तयार झाली. जगभर ॲस्ट्रोसाइटच्या जागी वापरली जाणारी, वितरणसंस्थेकडून मिळणारी यू-८७ त्या मूळ गाठीची नाही, हे २०१६ मध्ये डीएनएच्या तुलनेतून सिद्ध झाले. ती मेंदूतल्याच दुसऱ्या कुठल्या तरी गाठीतून आलेली दिसते. यू-३७३ या नावाने फिरणाऱ्या पेशी प्रत्यक्षात यू-२५१ निघाल्या. माणसाच्या मायक्रोग्लिया म्हणून वापरलेल्या सीएचएमई-५ या रेषेतल्या पेशी उंदराच्या असल्याचे उघड झाले. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभर पेशीरेषा पुरवते. डीएनएतल्या लहान पुनरावृत्तींच्या लांबीवरून माणसाच्या पेशीरेषेची ओळख पटवण्याची चाचणी आता सर्वमान्य आहे आणि ती करणे अवघड राहिलेले नाही. या चाचणीची मर्यादाही समजून घ्यावी. ती पेशी कुणाची आहे हे सांगते, ती कोणत्या टप्प्यावर आहे याबद्दल काहीच सांगत नाही. गाठीतून आलेल्या पेशीत तर विकासाचा क्रमच बिघडलेला असतो. पूर्वपेशीच्या आणि पक्व पेशीच्या खुणा तिथे एकत्र सापडतात. अशा पेशीवरच्या निष्कर्षाला ‘ॲस्ट्रोसाइटमध्ये असे घडते’ म्हणू नये, ‘या गाठीच्या रेषेत असे घडते’ म्हणावे.

खुणांच्या पलीकडे कामाची कसोटी आहे, आणि औषध शोधताना तीच निर्णायक ठरली आहे. एमबीपी दाखवणारी पेशी मायलिन घालेलच असे नाही. ऑलिगोडेंड्रोसाइट निर्जीव बारीक तंतूंभोवतीही पटल गुंडाळतात, हे आढळल्यावर सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी शंकूच्या आकाराच्या अतिसूक्ष्म खांबांच्या तबकड्या बनवल्या. पेशीने खांबाला वेढा घातला की वरून ते वलय दिसते, आणि वलये मोजता येतात. या पद्धतीने २०१४ मध्ये ॲलर्जीवरचे जुने औषध क्लेमास्टिन पुढे आले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत त्याने दृष्टिचेतेतला संदेशाचा विलंब थोडा कमी केल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम माफक होता. पण नुसत्या रंगावर न थांबता पेशीला काम करायला लावले, म्हणून तो हाती आला.

इंदूरमध्ये या क्षेत्रात भर घालता येईल अशी जागा रामन वर्णपटाची आहे. प्रतिपिंडाने रंग देण्यासाठी पेशी मारावी लागते किंवा निदान तिच्यात ढवळाढवळ करावी लागते. रामन पद्धतीत तीच पेशी पुन्हा पुन्हा पाहता येते. मायलिनच्या कोरड्या वजनात मेदद्रव्यांचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असतो. त्यामुळे पूर्वपेशी प्रौढ होताना मेद आणि प्रथिने यांच्या संकेतांचे गुणोत्तर बदलणे अपेक्षित आहे. मेदांचा संकेत प्रति सेंटीमीटर २८५० च्या आसपास आणि प्रथिनांचा २९३० च्या आसपास ठळक असतो. शहरातल्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने तोंडाच्या कर्करोगाच्या निदानासाठी रामन वर्णपटावर काम केलेले आहे, म्हणजे लेसर आणि वर्णपटांच्या गणिती विश्लेषणाचा अनुभव इथे आहे. मेंदूच्या गाठींचे निदान करणाऱ्या विकृतिशास्त्र विभागांना जीएफएपी, ऑलिग-२ आणि एस-१०० हे रंग रोजच्या सवयीचे असतात. हे तिन्ही अनुभव एकत्र आले तर काम सरळ आहे: जिवंत पेशीचा वर्णपट घ्यायचा, जागा नोंदवायची, मग त्याच पेशीला ओ४, एमबीपी आणि पीडीजीएफच्या ग्राहकाचे रंग द्यायचे आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. अशी जुळणी पुरेशा पेशींवर झाल्याशिवाय वर्णपटावरून टप्पा सांगू नये.

विषाणूच्या अभ्यासात ही जुळणी आणखी आवश्यक होते. पेशी प्रौढ होताना तिच्यातले कोलेस्टेरॉल आणि इतर मेदद्रव्ये बदलतात. विषाणू शिरला तरी ती बदलू शकतात. संसर्ग न झालेल्या पेशी त्याच वेळी तपासल्या की काळाचा परिणाम वेगळा काढता येतो. पण विषाणूच पेशीला पुढच्या किंवा मागच्या टप्प्यावर ढकलत असेल, तर वर्णपटातला बदल संसर्गाचा की टप्प्याचा, हे फक्त टप्प्याच्या स्वतंत्र खुणाच सांगू शकतात. कुष्ठरोगाच्या जिवाणूचे उदाहरण पाहता ही शंका काल्पनिक नाही.

प्रयोगशाळांच्या प्रमुखांकडून अपेक्षा आहे ती अशी. पदव्युत्तर प्रबंधांत आणि शोधनिबंधांत ग्लायल पेशींचे वर्णन करताना प्राण्याची जात, वय आणि चेतासंस्थेचा भाग, माध्यमाचे घटक, पॅसेज क्रमांक, कुळाची खूण, टप्प्याच्या असलेल्या आणि नसलेल्या खुणा आणि त्यांची टक्केवारी ही नोंद सक्तीची करावी. पेशीरेषा असेल तर ओळख-चाचणीची तारीख आणि मायकोप्लाझ्मा नसल्याचा दाखला जोडावा. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर जुनी नोंद पुढे ओढू नये, कारण गोठवणे आणि पुन्हा वाढवणे यांत ठरावीक टप्प्यावरच्या पेशी जास्त मरतात आणि उरलेल्यांचे मिश्रण बदलते. प्रतिपिंडांचा खर्च लहान महाविद्यालयांना झेपत नाही, ही अडचण खरी आहे. ती सोडवण्यासाठी शहरातल्या संस्थांनी ओ४, एमबीपी, सॉक्स-१०, जीएफएपी आणि एस-१०० यांचा सामाईक साठा ठेवावा आणि प्रत्येक नव्या बॅचची परीक्षा उंदराच्या मेंदूच्या एकाच ऊतीवर करावी, म्हणजे एका प्रयोगशाळेतला ‘प्रौढ’ दुसरीतही प्रौढच ठरेल. ज्यांच्याकडे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक नाही त्यांनी पेशी स्थिर करून, थंड ठेवून, असलेल्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात. ओ४ आणि ओ१ चे रंग मात्र पाठवण्याआधीच, पेशी जिवंत असताना द्यावेत.